ठोकळ्याची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडून महिना झाला. लोक माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी पिशव्या भरभरून आणतात, धाकटा त्या यंत्रावर चालवून कॉम्प्युटरवर उतरवतो आणि मी त्या पेन ड्राइव्हवर घालून लोकांच्या हातात देते. बहीण-भावाचं दुकान! ऐकायला किती गोड वाटतं. ज्याला गोड वाटतं त्याने एक दिवस येऊन माझ्या खुर्चीत बसावं.

आज एक फाइल शोधताना दिसलं की धाकट्याने ठोकळा एमएनटी नावाच्या फोल्डरमध्ये चढवलाय. ठोकळा म्हणजे त्याने स्वतः आणलेली बाहेरची हार्ड डिस्क, काळी आणि जाडजूड. आमचं सगळं काम त्यावर साठतं. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, माझ्या आग्रहाने. त्यात सी, डी अशा वेगळ्या खोल्या नसतात. सगळं मिळून एकच घर. बाहेरची डिस्क जोडली की ती घरातल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर चढवायची, म्हणजे माउंट करायची. मग तो फोल्डर उघडला की डिस्कवरचं सामान दिसतं. पण कुठल्याही फोल्डरवर नाही ना! ज्याची काढघाल होते ते मीडिया नावाच्या फोल्डरात. एमएनटी असतो तो जाणत्या माणसाने घटकाभर काहीतरी चढवून बघायला. सव्वीस वर्षं मी एका मोठ्या ऑफिसचा कॉम्प्युटर विभाग सांभाळला. तिथे कुणी ठोकळा एमएनटीत ठेवला असता तर त्याची मी खैर ठेवली नसती.

धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं ताई." हे त्याचं 'बरं' मी पन्नास वर्षं ओळखते. त्याचा अर्थ 'नाही'.

५ फेब्रुवारी, बुधवार

ठोकळा अजून एमएनटीतच. मी विचारलं, "अरे, वायरने लावलेली वस्तू आहे ना ती? उद्या काढून कुणी खिशात घालून नेली तर?"

"एवढा मोठा खिसा कुणाचा आहे?" धाकटा म्हणाला. वर म्हणतो, "ताई, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह येतात-जातात, ते मीडियात दिसतात. ठोकळा कुठे जातोय? तो आपल्या घरचा. त्याला पाहुण्यांच्या खोलीत कशाला ठेवायचा?"

ऐकलंत? लिनक्सच्या फोल्डरात ह्याने घरचे आणि पाहुणे आणले.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे चष्मा शोधत होते. मी गेल्या आठवड्यात चष्म्यासाठी ड्रॉवरमध्ये छान डबी करून ठेवली आहे, तरी ह्यांचा हात फ्रिजवरच जातो. "अगं, त्याची डिस्क, त्याला हवी तिथे ठेवू दे की," हे म्हणाले. कुणाकडे न्याय मागायला गेले मी! जो माणूस चष्मा फ्रिजवर ठेवतो त्याच्याकडे.

८ फेब्रुवारी, शनिवार

केलं एकदाचं. धाकटा कुरियरकडे गेला होता, तेवढ्यात ठोकळा एमएनटीतून उतरवला आणि मीडियात चढवला. कॉम्प्युटर बंद-चालू केला तरी आता तो तिथेच बसेल अशी सोयही केली. एमएनटीत 'ठोकळा' नावाचा फोल्डर मागे उरलाय, पण त्यात काही नाही. असू दे, कुणाचं काय खातो.

धाकटा आला तेव्हा सांगितलं. त्याने नुसतं पडद्याकडे बघितलं आणि हेडफोन लावले. भांडण नाही, वाद नाही. मलाच चुकल्यासारखं वाटलं. पण शिस्त लागायची तर कुणीतरी वाईट व्हावंच लागतं, आणि आमच्या घरात ते काम लहानपणापासून माझ्याकडेच आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक काका आले. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, "या, बसा." ते बसले आणि काखेतून पाटी काढली. लहान मुलांची असते ना, लिहून सरकवलं की पुसली जाते, तसली. त्यावर लिहिलं: "मला बोलता येत नाही. ऐकू येतं. ओरडू नका."

मी खरंच ओरडून बोलत होते. असं का करतो आपण?

काका तीस वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. पाच वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालंय, पण त्यातून घर्रघर्र शब्द निघतात. नातीने ते एकदा ऐकलं आणि किंचाळत आईच्या मागे लपली. तेव्हापासून यंत्र कपाटात. मी म्हटलं, पाटी आहे की. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की बोलल्याचा पश्चात्ताप झाला. लिहिलं: "चार वर्षांची आहे. तिला वाचता येतं का?"

मग एक कॅसेट टेबलावर ठेवली. मोठ्या स्टेशनवर बदली झाली तेव्हा त्यांनी घरी बसून घोषणांचा सराव केला होता, तोच त्यात आहे. त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही. मुलगी आणि नात परदेशातून शुक्रवारी, एकवीस तारखेला येणार. "नातीने एकदा ऐकावं," त्यांनी लिहिलं. मग पुसलं आणि लिहिलं: "आजोबा मुके जन्मले नव्हते."

मी म्हटलं, काका, गुरुवारी वीस तारखेला या, तयार असेल. शब्द दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काकांची कॅसेट धाकट्याने आज चालवली. तासभर श्वास रोखून बसला होता म्हणाला. एकदा चालली आणि संपली. खरोखरच संपली, फितीवरचा थर सुटून तपकिरी भुकटी झाली. यंत्र पुसायला कापूस पुरला नाही. उरलेली फीत एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलीय. पण आवाज शेवटपर्यंत उतरला म्हणे, एकही शब्द गेला नाही.

"ताई, मध्येच एक पोरगी बडबडते," धाकटा म्हणाला. "काका तिच्यावर खेकसतात, पुन्हा घोषणा करतात, की पुन्हा पोरगी सुरू."

"ते काढून टाक. स्वच्छ काम द्यायचं."

"असू दे ना. मजा येते ऐकायला."

"मजेसाठी दुकान काढलंय का? काढ म्हटलं ना!"

"बरं," तो म्हणाला.

नंतर विचारतो, "ताई, ठोकळ्यावरची जुनी कामं दिसत नाहीत मला. आठवड्यातलीच दिसतायत." किती वेळा सांगायचं? मीडियात बघ, मीडियात! डोळे उघडे ठेवून बघितलं तर दिसतं माणसाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉम्प्युटर आज कुरकुरायला लागला, जागा संपत आली म्हणतो. कॉम्प्युटरच्या आतली जागा कशी संपेल? सगळं काम तर ठोकळ्यावर जातं, आणि ठोकळा अर्धा रिकामा आहे. मी धाकट्याला म्हटलं, सिनेमे भरलेस का आत? तो म्हणाला, मला सिनेमे बघायला तू वेळ कुठे देतेस.

उलट उत्तर द्यायला मात्र वेळ असतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दाढ काढली. दुकानात गेले नाही. तोंड सुजलंय, बोलता येत नाही. ह्यांना खुणा करकरून दमले, शेवटी कागदावर लिहून दिलं की खिडकी लावा. ह्यांना चष्मा सापडेना. काकांची आठवण झाली. माझा एक दिवस निघता निघेना, ते पाच वर्षं कसे काढतात कोण जाणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माझी पाठ वळली आणि ह्या माणसाने ठोकळा परत एमएनटीत चढवला!

"अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मला काम करता येईना, ताई," म्हणे. "तू केलेलं सगळं काढलं आणि पहिल्यासारखं लावलं. आता जुनी कामं नीट दिसतायत."

मी बोलायचं नाही असं डॉक्टरने सांगितलं होतं. मी बोलले. दाढेच्या जागी पुन्हा रक्त आलं इतकं बोलले. कॅसेटी घ्यायला आलेली एक बाई दारातूनच परत गेली.

संध्याकाळी जागेचा हिशेब करायला बसले. कॉम्प्युटर म्हणतो आतली डिस्क नव्वद टक्के भरली. मी एकेक फोल्डर मोजला तर निम्मीही भरत नाही. मग बाकीची जागा खातंय कोण? तीनदा मोजलं. सव्वीस वर्षांत माझा हिशेब असा कधी चुकला नव्हता. डोकं बधिर झालं. सगळी चूक त्या एमएनटीची आहे, मला खात्री आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काकांची फाइल नाही. सकाळी पेन ड्राइव्हवर घालायला घेतली तर ठोकळ्यावर कुठेच नाही. आठ तारखेपर्यंतची सगळी कामं आहेत, मधल्या दिवसांतलं एकही नाही. एका लग्नाची कॅसेट, एका शाळेचं नाटक, काहीच नाही. ती कामं परत करता येतील, त्यांच्या कॅसेटी धडधाकट आहेत. काकांची पिशवीत भुकटी होऊन पडलीय.

धाकट्याला विचारलं. "मी ठोकळ्यावरच उतरवली," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठे उतरवणार? पहिल्या दिवसापासून एकाच जागी उतरवतोय."

"मग गेली कुठे? तू परवा ठोकळा हलवताना पुसलंस."

"मी काहीही पुसलं नाही."

"तुला कळलं तरी असेल का पुसलेलं!"

हे मी बोलायला नको होतं. पण मला गुरुवार दिसत होता. काका पाटी घेऊन बसलेत आणि मी काय सांगतेय, हे दिसत होतं.

धाकटा उठला. आवाज चढवला नाही त्याने, तोच तर त्याचा त्रास आहे. "ताई, लहानपणी माझं कपाट तू लावायचीस," तो म्हणाला. "मला माझा शर्टसुद्धा तुला विचारून शोधावा लागायचा. पन्नाशी उलटली माझी. एक डिस्क होती माझ्या मनासारखी ठेवलेली." मग ठोकळा रीतसर उतरवला, मी शिकवलं होतं तसाच, आधी कॉम्प्युटरला सांगून, दिवा विझायची वाट बघून. वायर गुंडाळली, पिशवीत घातला आणि गेला.

कपाटाचा काय संबंध इथे? मी कपाट लावायचे म्हणून तर त्याला शर्ट मिळायचा.

ह्यांना सांगितलं. हे नुसते "हं" म्हणाले. मला रडू आलं, ते दाढेचं असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

काका ठरल्या वेळेला आले. शर्ट नवा होता. मी उभीच होते. म्हटलं, "काका, तुमची फाइल सापडत नाही." त्यांनी लिहिलं: "कॅसेट?" मी पिशवी दाखवली. त्यांनी पिशवी उजेडात धरली, हलवून बघितली, खाली ठेवली. मग पाटी पुसली आणि काहीच लिहिलं नाही. ते रागावून काही लिहितील, मला चार शिव्या देतील, म्हणून मी वाट बघत होते. पाटी कोरीच. माझ्याने ते बघवेना.

काहीतरी करायचं म्हणून मी कॉम्प्युटरकडे वळले. म्हटलं, "हे बघा काका, भाऊ म्हणतो इथे ठेवली होती." आणि एमएनटीतला ठोकळ्याचा फोल्डर उघडला. ठोकळाच नाही म्हटल्यावर फोल्डर रिकामा असणार, तो रिकामा फोल्डरच त्यांना दाखवायचा होता मला.

तो भरलेला होता.

लग्न. शाळेचं नाटक. आणि धाकट्याच्या पद्धतीने नाव दिलेली एक फाइल: 'काका फलाट एकदाच चालली जपून'.

मी खुर्चीत बसले. मग हळूहळू उलगडलं. मी ठोकळा मीडियात नेला, पण धाकट्याचं रेकॉर्डिंग आपलं जुन्याच पत्त्यावर, एमएनटीतल्या त्या रिकाम्या फोल्डरात जात राहिलं. म्हणजे थेट कॉम्प्युटरच्या पोटात. म्हणून तर आतली जागा संपत होती. मग धाकट्याने ठोकळा परत त्याच फोल्डरवर चढवला आणि खालचं सगळं झाकलं गेलं. पुसलं काहीच नव्हतं, ठोकळा तिथे होता तोवर दिसणारच नव्हतं. तो रागावून ठोकळा घेऊन गेला म्हणून दिसलं! हे मला कळायला नको होतं? ऑफिसात शिकायला येणाऱ्या कॉलेजातल्या पोरींना शिकवायचे मी हे. कपाळावर हात मारून घेतला, दाढ ठणकली.

काकांना समजावून सांगायला लागले, फोल्डर, डिस्क, चढवणं, उतरवणं. त्यांनी मध्येच हात करून थांबवलं आणि लिहिलं: "गाडी उभी असली की रूळ दिसत नाहीत. एवढंच ना? लावा आता."

लावलं. आधी खरखर, मग तो आवाज. काय आवाज होता! भरदार, स्वच्छ, घाई नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं." मीसुद्धा ताठ बसले. काकांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. दोन घोषणा झाल्यावर त्यांनी मला बंद करायची खूण केली. लिहिलं: "बाकी तिच्याबरोबर ऐकेन. रविवारी इथेच. तुमचे स्पीकर चांगले आहेत." दारापर्यंत जाऊन परत आले आणि पाटी पुढे केली: "भावाला सांगा."

एवढं कळतं मला, सांगणारच होते.

फोन केला. म्हटलं, "सापडलं. सगळं एमएनटीत होतं, ठोकळ्याच्या खाली. तू पुसलं नव्हतंस. मी जागा हलवली आणि तुझा पत्ता बदलायला विसरले."

तो म्हणाला, "बरं."

"ठोकळा घेऊन ये उद्या."

"कुठे लावायचाय?"

"एमएनटीत लाव. पण आधी खालचं सगळं बाहेर काढून घेऊ."

"ताई, दाढ फार दुखतेय का?"

माफी-बिफी मला जमत नाही. फोन ठेवताना म्हटलं, डबा आणू नकोस, मी दोघांचा आणते.

२३ फेब्रुवारी, रविवार

काका, त्यांची मुलगी आणि नात आले. नात म्हणजे काय विचारता! दारातून आत पाऊल टाकलं तेव्हापासून तोंड सुरू. ही वायर कुणाची, हे बटण कशाचं, तुमच्या गालाला काय झालं, ह्या खोक्यात काय आहे. आई तिला चूप म्हणून थकली. काकांनी टाळी वाजवली, तिनेही वाजवली आणि पुढे चालू. काकांनी माझ्याकडे बघून पाटीवर लिहिलं: "रोज असंच. मी काय करणार?"

धाकट्याने फाइल लावली. घोषणा सुरू झाल्या. काकांची मुलगी पहिल्या शब्दालाच भिंतीला टेकली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. नातीला त्याचं काहीच नाही, ती आपली धाकट्याला सांगत होती की तिच्या बुटांना दिवे आहेत. स्पीकरमधून आवाज येत होता, फलाट क्रमांक तीनवर येणारी गाडी, आणि मध्येच एक बारीक आवाज, "बाबा, बाबा, माझी बाहुली बघा ना, बाबा."

"अगं गप बस जरा!" स्पीकर कडाडला. "माझी गाडी चुकेल!"

नातीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तिने स्पीकरकडे बघितलं, मग वळून आजोबांकडे. काका पाटी विसरले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि चेहरा असा फुललेला की मी त्यांना ओळखलं नसतं.

"आजोबा रागावले?" तिने हळूच विचारलं.

काकांनी मान हलवली. हो. चांगली तीन-चारदा हलवली.

"आई," नात ओरडली, "आजोबा मला ओरडले!" शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं सांगत होती. मग आजोबांच्या मांडीवर चढून बसली आणि तोंडावर बोट ठेवून स्पीकरकडे बघत राहिली. काकांनी तिच्या डोक्यावरून हात पुढे काढून पाटी घेतली आणि लिहिलं: "पुन्हा लावा. तेवढंच."

धाकट्याने किती वेळा लावलं मोजलं नाही. काकांची मुलगी हसत होती आणि रडतही होती. मीही. दाढ आता दुखत नाही, त्यामुळे तिच्यावर ढकलता येत नाही.

तेवढाच भाग मी काढून टाकायला सांगितला होता. ओरडून सांगितला होता. त्याने 'बरं' म्हटलं आणि काढला नाही.

माझा भाऊ माझं ऐकत नाही. लहानपणापासून ऐकत नाही. बरं झालं.